मंगळवारी बोट नसते

काल दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दवाखान्यात फोनवर बसून लोकांच्या वेळा लावणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि आज सकाळी मी तीन पेशंटना एकच वेळ देऊन बसले. डॉक्टरांनी वेळांची वही उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यांना काय सांगणार? आत्याचं सांगितलं असतं तर म्हणाले असते, यात एवढं काय.

माझी आत्या बोटीच्या तिकीटखिडकीवर बसते. अठ्ठावीस वर्षं तीच उंच खुर्ची आणि काचेला पाडलेलं तेच गोल भोक. समोरच्या बेटावर जायला सकाळी आठची, अकराची, नाहीतर दुपारी चारची बोट, आणि तिन्हींचं तिकीट आत्याच्या हातून. गावात सगळे तिला ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणतात. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. मला वाढवण्यात निम्मा वाटा तिचा, आणि आई गेल्यावर तर सगळाच. मी नवरा आणि दोन मुलांसकट अजून त्याच घरात राहते, कारण घर मोठं आहे आणि नवरा गरीब स्वभावाचा आहे.

बेटावर लोक जातात ते खायला. बघण्यासारखं तिथे एक दीपगृह, तेही बंद. पण खाणं असं की माणूस दोन दिवसांसाठी जातो आणि पट्टा एक भोक सैल करून परत येतो. कुठे काय खावं हे विचारायचं ते आत्याला. मागे कितीही रांग असली तरी ती सांगणार.

“उतरलात की डावीकडे वळू नका, तिथे शिळं गरम करून पाहुण्यांच्या गळ्यात मारतात. सरळ चढण चढा. निळ्या दाराच्या घरात एक म्हातारी खेकडे करते. तिला घाई केलेली खपत नाही, गप बसून राहायचं. आणि चिमटा देईल तो घेऊ नका, बत्ता मागा. बत्त्याने फोडलेल्या खेकड्यातला रस ताटात सांडतो, तो पावाने पुसून खायचा.”

हे असं ऐकल्यावर रांगेतल्या माणसाला तिकीट हातात पडेपर्यंत दम निघत नाही. परतणाऱ्यांनी तिकिटाचा उरलेला तुकडा तिच्या खिडकीत द्यायचा आणि मग फाटकाबाहेर पडायचं, अशी पद्धत आहे. तुकडा घेताना ती प्रत्येकाला विचारते, काय खाल्लंत. लोक सांगतात ते तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवते. बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे त्या तुकड्यांनी भरलेत. घरात आम्ही तिची थट्टा करायचो, की आत्या, बेटावरच्या माशांनाही तू नावानिशी ओळखत असशील. ती हसायची आणि पुढची भाजी निवडायला घ्यायची.

तर या शनिवार-रविवारचा आमचा बेत ठरला होता. मी, नवरा आणि दोन्ही मुलं. मुलांच्या परीक्षा संपल्यात, नवऱ्याला चार महिन्यांनी सलग दोन सुट्ट्या मिळाल्यात. अडचण होती ती बाबांची. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात. सध्या दिवसा मुलं जवळ असतात, पण आम्ही सगळे गेल्यावर त्यांना एकटं ठेवायची सोय नाही. मी आत्याला म्हटलं, दोन दिवस रजा काढशील का? ती म्हणाली, काढते की. वर चार दिवस बसून तिने डब्यांतले तुकडे चाळले आणि मला यादी करून दिली. शनिवारी सकाळचा नाश्ता कुठे, दुपारी कोणाकडे, कोळंबी तळणारा फक्त बारापर्यंत बसतो म्हणून त्याच्याकडे आधी, शिंपल्यांचं सार संध्याकाळीच कारण सकाळी ते पातळ असतं. मुलांसाठी कमी तिखटाच्या जागांवर खूण. अशी यादी माझ्या आईनेही केली नसती.

तिच्याच यादीत राहायला एक खाणावळ होती. खाली जेवण, वर तीन खोल्या. काल दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी दवाखान्यातूनच तिथे फोन लावला. खोली सांगितली, वर ऐटीत म्हटलं, “खिडकीवाल्या बाईंची भाची बोलतेय.”

पलीकडची बाई एकदम खूश झाली. “अहो, मग पैशांचं राहू द्या, आधी मला सांगा, त्या येताहेत ना बरोबर?”

“नाही, त्या घरी थांबणार आहेत.”

“याही वेळी नाही? दर वर्षी मी फोनवर म्हणते, बाई, एकदा या. एवढी माणसं पाठवता, तुम्हाला एकदा वाढू तरी द्या. फोनवर आवाज ओळखते मी त्यांचा, पण चेहरा काही पाहिलेला नाही.”

मी हसले. म्हटलं, “तुमची काहीतरी गल्लत होतेय. आत्या किती वेळा येऊन गेलीय तिथे. तुमच्या खालच्या पायरीला तडा गेलाय हेसुद्धा तिला माहीत आहे.”

“ते माहीत असेल. पाय मुरगळून परत गेलेल्या कोणीतरी सांगितलं असेल. पण त्या आलेल्या नाहीत हो. त्यांची सुट्टी मंगळवारी, आणि मंगळवारी बोट नसते.”

मी फोन ठेवला. खोली घेतली की नाही हेही आठवेना. मंगळवारी बोट दुरुस्तीला आणि साफसफाईला काढतात. बोट नाही म्हणून खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणून आत्याला सुट्टी. हे मला लहानपणापासून पाठ आहे. मंगळवारी आत्या घरी असते म्हणून आम्ही तेव्हा गाद्या उन्हात टाकायचो. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. पुढचा फोन वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही.

घरी आले ती तडक बाबांच्या खोलीत.

“बाबा, आत्या बेटावर शेवटची कधी गेली होती?”

“का गं?” ते पेपर वाचत होते. “गेली असेल गेल्या वर्षी वगैरे.”

“कोणाबरोबर?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. एकदा म्हणाले, तुझ्या आईबरोबर. मग स्वतःच म्हणाले, नाही, तेव्हा आम्ही दोघंच गेलो होतो, ती तुला घेऊन घरी थांबली होती. मग म्हणाले, तुझ्या मैत्रिणी गेल्या होत्या तेव्हा. मी म्हटलं, तेव्हा तिने आम्हाला डबा बांधून दिला आणि खिडकीतून तिकिटं दिली. बाबांचा चेहरा उतरत गेला. सख्खा भाऊ, एका छपराखाली साठ वर्षं, आणि त्यांना एक तारीख सांगता येईना.

“पण रजा तर ती घ्यायची,” ते म्हणाले.

घ्यायची ना. आम्ही दोघांनी बसून एकेक रजा आठवली. आईच्या ऑपरेशनला तीन आठवडे. माझ्या दोन्ही बाळंतपणांना मिळून दोन महिने. धाकट्याची कावीळ. माझी परीक्षा होती तेव्हा घरात स्वयंपाकाला कोणी नको का, म्हणून चार दिवस. आता बाबांचं हाड. आणि परवाचे हे दोन दिवस, जे मी मागितले होते, अगदी सहज, केस विंचरता विंचरता. मला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटली.

साडेसहाला आत्या आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, ओट्यापाशी जाऊन कणीक काढली. मी स्वभावाने फटकळ. मला आडून विचारता येत नाही.

“आत्या, तू बेटावर कधीच गेली नाहीस?”

तिचा हात परातीत थांबला. “कोण म्हणालं?”

“खाणावळवाली.”

“बोलकी आहे ती,” असं म्हणून तिने पाणी घातलं आणि मळायला लागली.

“मग इतकी वर्षं खोटं का बोललीस?”

“मी कधी म्हटलं मी जाऊन आले? आठवून बघ. तिथला खेकडा असा असतो म्हटलं. मी खाल्ला असं एकदा तरी म्हटलं का?”

मी आठवून बघितलं. एकदाही नाही. तिने शब्द असे जपून वापरले होते की त्यात खोटं एक नव्हतं, आणि आम्ही असे कान बंद करून ऐकलं होतं की कोणाला काही जाणवलं नव्हतं.

घरी येताना वाटेत मी सगळी कारणं शोधून ठेवली होती. तिला पाण्याची भीती असेल. बोट लागत असेल. एवढं ऐकल्यावर प्रत्यक्षात चव तशी निघाली नाही तर हजारो लोकांना सांगितलेलं फुकट जाईल, असं वाटत असेल. प्रत्येक कारणावर मी उत्तरही तयार केलं होतं. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीचं नाव दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. तिची समजूत घालायला रात्र पुरणार नाही, ती नाही म्हणेल, रडेल, मी ओरडेन, बाबा मध्ये पडतील, असं सगळं मनात मांडून बसले होते.

“माझ्या जागी तू जा,” मी म्हटलं. “शनिवारी आठच्या बोटीने. मुलं आहेत, जावई आहेत. बाबांजवळ मी थांबते. येशील... जाशील का?”

“हो,” आत्या म्हणाली.

तिने मागे वळूनही बघितलं नव्हतं. कणकेचे हात तसेच परातीवर धरून ती उभी होती आणि तिची मान लाल झाली होती.

“खरंच जाशील?”

“हो म्हटलं ना.”

“मग इतकी वर्षं का नाही गेलीस?”

आता ती वळली. माझ्याकडे अशी बघत होती, की हा काय प्रश्न झाला.

“अगं, कोणी चल म्हटलं असतं तर आले असते की.”