समासाची घडी

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

निफाडच्या बाजारात द्राक्षं विकून शिकलो, कारकून झालो. घासाघीस अंगात होती, राग त्याहून जास्त. कचेरीत टिप्पणी लिहायला मला सुनंदाताईंनी शिकवलं. आधी कागदाचा डावा समास दुमडायचा, मग लिहायचं. "समास सोडला नाही तर साहेब शेरा कुठं मारतील, भाऊ? तुमच्या कपाळावर?"

पुढे दोघंही अव्वल कारकून झालो आणि नाशिकला नेतृत्वविकासाचं प्रशिक्षण लागलं. तिसऱ्या दिवशी एक खेळ होता — एकमेकांबद्दल निनावी चिठ्ठ्या लिहायच्या, नेता म्हणून कुठं कमी पडतो ते सांगायचं. आपापल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या होत्या. माझ्या एका चिठ्ठीत होतं : 'ऐकून घेत नाहीत. माणसाशी बोलत नाहीत, सौदा करतात.' नाव नव्हतं. पण वीतभर चिठ्ठीला डावीकडे घडी होती. आणि खाली, सवयीनं, 'अवलोकनार्थ सादर'. सगळा वर्ग खो-खो हसला. ताईसुद्धा.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो — हे तोंडावर सांगायला काय झालं होतं? अजूनही, लिहिताना, तो काटा सलतोच. खोटं कशाला बोलू?

शेवटच्या दिवशी प्रशिक्षण केंद्राच्या संचालकांनी मला चहाला बाजूला घेतलं. ताईंना केंद्रात प्रशिक्षक म्हणून घ्यायचा विचार होता. निवृत्तीआधी नव्या लोकांना शिकवायचं, ही त्यांची एकच इच्छा — मला ती ठाऊक होती. कशा आहेत त्या, असं साहेबांनी विचारलं.

मी काय म्हणालो? "कामाला वाघीण आहेत, सर. फक्त — गोपनीय गोष्ट पोटात राहत नाही."

माझ्या हातून एकदा फाइल गहाळ झाली होती. ताईंनी आठ दिवस शोधून ती जागेवर ठेवली. त्याबद्दल एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. अशा बाईबद्दल मी हे बोललो.

यादीत त्यांचं नाव आलं नाही. त्यांनी मलाच विचारलं, "भाऊ, माझं काय कमी पडलं हो?"

"वशिला," मी म्हणालो.

आता मी नायब तहसीलदार आहे. गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांनी माझी नुसती समजूत काढली. खरं कारण सांगितलं ते एकट्या भाऊंनी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.