सोबत कोण आहे?

रजनीताई गेल्याची बातमी मला अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं दिली. सख्खी मोठी बहीण माझी. ती एकोडीत, मी जवळच साकोलीत. पण छातीत कळ आली तेव्हा तिनं फोन केला तो अ‍ॅम्ब्युलन्सला, मला नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" तर ताईनं पोटाशी धरलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं म्हणे... ड्रायव्हर हे कौतुकानं सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. जिथं नेट नाही अशा दवाखान्यांसाठी प्रोग्राम बांधून द्यायचे. "नुसता प्रोग्राम धाडला तं तो तिथं जाऊन अडून बसते, हे नाही, ते नाही. म्हणून त्याले लागते ते सारं एकाच कंटेनरात, म्हणजे कॉम्प्युटरातल्या डब्यातच समज, भरून द्याचं," असं तिनं मला समजावलं होतं. भरून झालं की ती नेटची वायर उपटायची आणि तो चालवून बघायची. एकदा माझ्यासमोरच पेशंटच्या नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटले. मराठी फॉन्ट भरायचा राहिला होता. मी म्हटलं, "लाव ना वायर, घेईल तो नेटवरून मागून." तिनं सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. "बाहेरून मागाची पाळी आली म्हणजे बांधणाऱ्याची चूक."

हाच नियम तिनं स्वतःला लावला. मागच्या वर्षी छातीत दुखलं तेव्हा एकटीच बसनं भंडाऱ्याला दाखवून आली आणि मला नंतर सांगितलं. मी भांडले, "मले काहून नाही बलावलं?"

"तू येऊन रडली असती. मंग मी माही छाती सांभाळू का तुले?" वर हसली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि रडूही त्याच्याचसाठी येतं. त्यानंतर तिनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी टांगली.

ती आता माझ्या घरी खुंटीला आहे. टॉवेल, गोळ्या, चार्जर, गाऊन, रिपोर्ट, साबण, चमचा, एक पेला. आपल्याकडे पेशंटजवळ कुणीतरी बसतंच. त्याच्यासाठी दुसरा पेला नाही. परवा मी माझा पेला आत ठेवायला गेले. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, पण पिशवी अशी ठासून भरलेली, की चेन लागेना. माझा पेला बाहेर काढला, तेव्हा लागली.