मामांची पडद्यावरची पलटण

भर लढाईत सैन्याला जेवायला सोडणारा सेनापती जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मामा साताऱ्यात एका सैन्यभरती अकादमीत शिकवू लागले. पोरांना डावपेच कळावेत म्हणून मालकाने बाजारातला लढाईचा गेम आणला. त्यातला शत्रू म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. समोरच्याचा खेळ बघायचा आणि त्यातून शिकायचं, हे तिचं काम. मामांनी पहिल्याच दिवशी आपल्या शिपायांना गावांची नावं दिली: वाई, पाटण, माधवनगर. जेवायची वेळ झाली की गेम थांबायचा. "उपाशी माणूस लढतोय व्हय रं?" मामा, ही चित्रं आहेत, असं त्यांचा डबा घेऊन गेलो असताना मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट डबा उघडला. शत्रूला ते आदराने साहेब म्हणत. "सायेब लय हुशार, पण पलटणीत न्हाई ऱ्हायला कवा."

एक खोड मात्र नडायची. एखादा शिपाई जखमी झाला की मामा जिंकत आलेली लढाई सोडून अख्खी तुकडी त्याला आणायला मागे फिरवत. साहेबांनी हे लगेच हेरलं. ते एकाला पाडून शेजारीच दबा धरून बसत. मामा रोज तिथे जात आणि रोज हरत. शेवटी मालक वैतागला. पाहुण्यांसमोर एकदा तरी जिंका, नाहीतर तास बंद, म्हणाला. मामांचा त्या तासावर जीव होता. घरी त्यांना कोणी सलाम ठोकत नसे, मामी तर नाहीच नाही.

पाहुणे आले त्या दिवशी मामा खरोखर जिंकत होते. शत्रूचा तळ समोर दिसत होता, आणि मागे पाटण पडला. "मामा, पुढं चला फक्त," मी कानात म्हणालो. "तू जा फुडं," म्हणाले आणि फिरले. लढाई गेली, तास गेला, मामा गावी गेले.

काही महिन्यांनी मालकाचा फोन आला. "आवं, तुमच्या मामानं गेम बिघडवला. शत्रूच आता जखमीला न्यायला मागं फिरतोय. कुणीबी हरवतंय त्येला. त्येचं शिकलेलं समदं पुसून कोरं करतो." मी मामांना कळवलं. वाटलं, खो-खो हसतील.

"पुसू नगं म्हणावं," मामा म्हणाले. "आत्ता कुठं शिपाई झालाय त्यो."

मी लगेच मालकाला फोन लावला, पण त्याचं पुसून झालं होतं. मला फार वाईट वाटलं. मामा अजून विचारतात, "सायेब कसं हायती?" मी सांगतो, बरे आहेत, वेळेवर जेवतात.