सॅव्हेज नोरीन

इंग्रजी कोशात 'सॅव्हेज' म्हणजे रानटी, निर्दय, रक्ताला चटावलेला. आमच्या आयरिश कॉर्क परगण्यात मात्र बटाटे सॅव्हेज उतरतात, हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना सॅव्हेज होतो आणि लग्नात नवरीही सॅव्हेज, म्हणजे एकदम झकास, दिसते. मराठीत पोर भयंकर गोड असतं ना, तसंच. परक्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि हिलरी ड्रेकबाई तर इंग्लंडातून आमच्या मक्रूम गावाला नुकत्याच आल्या होत्या, टेकडीवरच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक म्हणून.

नोरीन ट्वूमी तिथे म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घाली, भरवी, त्यांच्या शिव्या खाई. तोंडाने फटकळ, हाताने मऊ, अशी तिची ख्याती. नवरा गेल्यापासून ते कामच तिचं घर झालं होतं. तिचा खास ताप म्हणजे थेडी क्रोनिन. गाई विकून त्याला कैक वर्षं झाली, पण धारेची वेळ झाली की हा कोट चढवून निघालाच रस्त्याला.

एका सकाळी ड्रेकबाईंना थेडीच्या मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ दिसले. नोरीन तुमच्याशी कशी वागते, असं त्यांनी हळूच विचारलं.

"नोरीन?" थेडी म्हणाला. "सॅव्हेज बाई आहे ती."

दुपारच्या आत नोरीनला घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. स्वयंपाकीण आयलीन तर पोट धरधरून हसली. बाईंना शब्दाचा अर्थ सांगितला की मिटलं, असं ती म्हणाली. नोरीनला हसू आलं नाही.

घरी चहा समोर ठेवून ती बसून राहिली. आदल्या संध्याकाळी बर्फाने निसरड्या झालेल्या पायरीवर थेडी पोचला होता. तिने धावत जाऊन मनगट धरलं नसतं, तर म्हाताऱ्याचं कंबरडं मोडलं असतं. हे खरंच होतं. पण त्याला आत ओढून दार लावल्यावरही तिची बोटं सुटली नव्हती. सोड, गाई हंबरताहेत, असं तो म्हणत होता, आणि दिवसभराची दमलेली ती आणखीच आवळत होती. त्या बोटांत काळजीचा लवलेशही नव्हता. गावाला त्या शब्दाचा चांगला अर्थच ठाऊक होता. तिला कोशातला दुसराही आठवत होता, आणि तो आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी आयलीनने ड्रेकबाईंना सगळं समजावलं. बाईंचा चेहरा लालेलाल झाला. त्यांनी नोरीनला बोलावून मनापासून माफी मागितली आणि आजपासूनच कामावर या म्हणाल्या. नोरीनने नुसता ॲप्रन बांधायचा होता.

"शब्द तुम्हाला कळला नाही, बाई," नोरीन म्हणाली, "पण वळ माझ्याच बोटांचे आहेत. पायरीवर धरलं ते बरोबर केलं. आत आल्यावर सोडायला हवं होतं. नाही सोडलं."

आयलीनने कपाळाला हात लावला. ड्रेकबाई उठल्या, दोघींना घेऊन बैठकीच्या खोलीत गेल्या आणि थेडीलाच विचारलं, की काल तो सॅव्हेज म्हणाला ते कोणत्या अर्थाने.

थेडीने आधी मनगटाकडे पाहिलं, मग नोरीनकडे.

"दोन्ही," तो म्हणाला.

नोरीनने मान खाली घातली.

"माझी एक तांबडी गाय होती," थेडी पुढे बोलू लागला. "बादली लाथाडली म्हणून मी तिला काठीने मारलं. वाईट मारलं. दुसऱ्या सकाळी गोठ्यात जायची मलाच लाज वाटत होती. पण धार काढायला दुसरं होतं कोण?"

"मग तिने काय केलं?" नोरीनने विचारलं.

"मी हात लावला तशी थरथरली. पण उभी राहिली."

ड्रेकबाईंनी नोरीनला कडक ताकीद दिली, काम मात्र राहू दिलं. यापुढे संध्याकाळी थेडीजवळ ती एकटी नसेल, आणखी एक बाई असेल, असंही ठरवलं. नोरीनने सगळं मुकाट मान्य केलं. ती थेडीजवळ गेली, पण तिचे हात काही पुढे होईनात.

थेडीने तेच मनगट तिच्यापुढे केलं.

"बाहीचं बटण लाव, पोरी," तो म्हणाला. "धारेची वेळ झाली."