निंबा मिस्तरीची मूठ

नशिराबादच्या निंबा सुताराचं नाव अजून निघतं ते कठड्यांमुळे. जिन्याचा असो की माडीच्या सज्ज्याचा, त्याच्या हातच्या कठड्याला हत्ती बांधावा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. खोटं नाही ते. पण त्याच कठड्यापायी एका बाईचा संसार गेला, हे कुणी सांगत नाही.

त्याचा बाप जीवराम लहानखुरा माणूस. दोन दांड्यांत फट किती ठेवायची, यासाठी त्यानं कधी पट्टी धरली नाही. मूठ आवळायची, अंगठा ताठ उभा करायचा, झालं माप! लेकालाही त्यानं हेच शिकवलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत बाप गेला आणि हत्यारं निंबाकडे आली. निंबा उंचापुरा गडी, पंजा सुपाएवढा. त्याचं माप बापापेक्षा चांगलं दोन बोटं जास्त भरायचं. बापानं मूठ शिकवली, पण कुणाची मूठ ते सांगायचं राहिलं, आणि या बहाद्दरालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

पिंप्राळ्याच्या गिरधर पाटलानं नवी माडी बांधली तेव्हा सज्ज्याचा कठडा निंबानंच केला. एकोणीसशे एकवीसच्या चैत्रात पाटलाची बायको वच्छलाबाई धाब्याच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होती. दीड वर्षाची गोदू शेजारीच सज्ज्यात खेळत होती. कठडा आहे, पोर कुठं जाते, या भरवशावर आईनं पाठ फिरवली. तेवढ्यात गोदू दोन दांड्यांमधून निसटली आणि खालच्या फरशीवर पडली. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही बिचारी.

"लेकराहून बिबड्या जास्त झाल्या का वं तुले?" सासू झुंबरबाई भरल्या अंगणात ओरडली. गावानंही तेच धरून ठेवलं. सुतक फिटल्यावर गिरधरनं बायकोला यावलला माहेरी पोचवली, ती कायमचीच. वर्षाच्या आत दुसरी केली.

निंबा दुसऱ्याच दिवशी भेटायला गेला होता. सगळे खाली बसलेले असताना तो माडीवर गेला आणि फटीत मूठ धरली. बरोबर बसली. मग घरी येऊन त्यानं बापानं केलेल्या कठड्यात तीच मूठ घालून पाहिली, तर अंगठा मोडून घेतल्याशिवाय जाईना. त्याला सगळं कळलं. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

रडला, पण बोलला का? छे! कोण पुन्हा काम देईल, गावात तोंड कसं दाखवू, यातच तो अडकला. भ्याला, दुसरं काय! बाप गेल्यावर आपण केलेले सहा घरचे कठडे हुडकून त्यानं प्रत्येक फटीत एकेक जादा दांडा ठोकला. "शोभा येते," म्हणायचा. गिरधरकडेही ठोकला. लोक म्हणाले, किती काळजीचा माणूस! ते ऐकून त्याला जेवण जायचं नाही. बायकोला वाटायचं, याला पोटाचा काही आजार आहे.

अशी अकरा वर्षं गेली. मग त्याच्या लेकीला मुलगी झाली. ती रांगत सज्ज्याकडे निघाली की निंबाच्या हातातलं काम गळून पडे. एक दिवस तो उठला आणि तडक यावलला गेला.

वच्छलाबाई भावाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते. निंबानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मूठ वळून दाखवली. तिनं त्या मुठीकडे पाहिलं.

"निंबाभाऊ, हे तवाच सांगतलं असतं, तं मी माह्या घरी असती."

त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागे घेतले.

"माह्या पाया पडून काय होणार? घरात चला. माह्या वहिनीले सांगा. अकरा वर्सं ती तिचं लेकरू माह्याजवळ येऊ देत नाही. म्हणते, हिच्या हाती पोर टिकत नाही."

वहिनी यशोदाबाई चुलीपाशी होती. निंबानं उंबऱ्याबाहेर बसून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यशोदाबाईनं तवा खाली उतरवला. डोळ्यांना पदर लावला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं आपल्या नऊ वर्षांच्या धाकट्या लेकीला पुढं ढकललं. "जा माय, आत्याजवळ जा."

वच्छलाबाईनं दोन्ही हात पुढे केले.

पोर जागची हलली नाही. जन्मल्यापासून तिला आत्याजवळ जायचं नाही, एवढंच शिकवलं होतं. ती आईचं लुगडं धरून तिच्यामागे दडली. यशोदाबाई तिला ओढायला लागली.

"राहू द्या वहिनी," वच्छलाबाई म्हणाली. "तिले सवय नाही."