मामीच्या नावानं मामा खेळे

त्या दिवशी सकाळी मामानं पुन्हा इचारलं, "चंपा, एक डाव बसतं का?"

मामी भेंड्या चिरत होती. मान वर केलीच नाही. "हात चिकट हायेत माहे. तुमचं चालू द्या."

"दोघाचा खेळ हाये वो, एकट्याचा थोडी!"

"मंग बोलवा तुमच्या त्या दोस्ताले, फकिराले."

मामा हासला. बारा वर्सापासून हेच बोलनं. मंग त्यानं रोजच्यासारखा व्हिडिओ गेमचा एक रिमोट उजव्या हातात धरला, दुसरा डाव्या मांडीवर ठेवला, आन् टीव्हीवर कॅसिनो लावला.

महागू मामा बालाघाटच्या रेल्वेच्या छोट्या लाइनवर फाटकवाला होता. छोटी लाइन गेली, मोठी आली, मामा रिटायर झाला. पोरगा रजत नागपूरले नोकरीले गेला, त्याचा लहानपनचा व्हिडिओ गेमचा डब्बा घरीच राह्यला. कॅसेटमंदी गेम बहुत होते, पळाचे, कुदाचे, गोळ्या माराचे. पन मामाचं बोट बटनावर पोचेपर्यंत टीव्हीतला मानूस खड्ड्यात गेला राहे. एक कॅसिनोच असा का जो थांबते. चकरी फिरवा, पत्ते घेऊन एक्कीस जुळवा, बटन दाबत नाही तवरी टीव्ही गुपचाप.

"जिंदगीभर मी गाडीची वाट पाह्यली," मामा म्हने, "आता गाडी माही वाट पाह्यते."

मामी काहून बसे नाही, तं तिच्या बापानं पत्त्यात तिच्या मायच्या पायातले चांदीचे कडे हारलते. हारून आला आन् दोन दिवस चादर घेऊन पडला. मामी तवा अकरा वर्साची. तवाच किरिया खाल्ली, जुगाराले हात लावनार नाही.

"अवं, टीव्हीतले पैसे खोटे हायेत," मामा समजावे.

"पैसे खोटे, पन चस्का तं खरा ना?"

मंग मामा तिच्या नावानंही खेळे. डाव्या हातानं तिचे पत्ते, उजव्यानं सोताचे. जेवाले बसला का सांगे, "आज तू जितली. माहं सारं गेलं."

"माह्या नावानं जुगार खेळू नोका, सांगून ठेवतो!" मामी चिडे. पन भात वाढता वाढता हळूच इचारे, "कितीनं?"

त्या दिवशी अकरा वाजता खोलीतून आवाज आला, "चंपा, तुये एक्कीस झाले वो! पाहून तं घे!"

"फोडनी जळते. येतो."

आली तवा मामा भितीले टेकून होता, डोये उघडे. टीव्हीवर मामाची पाळी आलती. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हने, रस्त्यातच गेले.

तेरवी झाल्यावर रजतनं वायरी काढल्या. "माय, ये रखना है का नेऊ?"

"ने. मले कुठं येते."

डब्बा गेला. पन जेवाले बसलं का मामीचा घास हातातच राहे. ते जितली का हारली, सांगनारं कोनी नाही. "एक डाव बसलो असतो तं का झालं असतं," शेजारच्या ज्योत्स्नाजवळ म्हनली एकदा. "तितल्यानं का कडे जात होते माहे?"

महिन्याभरानं ज्योत्स्नाच्या ओट्यावर दुपारी बाया मोबाइलवर लूडो खेळून राह्यल्या होत्या. तिघीच होत्या. मामी दुकानातून साखर घेऊन येत होती. तिले कोनी बोलावलं नाही, तिची किरिया सर्व्यायले मालूम. मामी पुढं गेली. मंग वापस आली.

"मले घेता का वो?"

ज्योत्स्ना पाह्यतच राह्यली. "काकू, तुमी? तुमाले येते का?"

"नाही येत."

"मंग हारसान!"

"हौ, हारतो. पन कुठं दाबाचं ते सांग."

तिघी सरकल्या. मामीनं साखरीची पुडी बाजूले ठेवली, बसली. ज्योत्स्नानं फोन तिच्या हातात देल्ला. "हिरव्या गोट्या तुमच्या. सहा पडला का गोटी निघन."

मामीनं बोटानं दाबलं. दोन पडले.

"आता कोनाची पाळी?" मामीनं इचारलं.