ती सुई फेकून दे म्हणणारा पोरगा

मुरबाड तालुक्यातली ती मुलगी आजही डोळ्यांपुढून हलत नाही. दहा वर्षांची पोर, ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर बेशुद्ध. तिची इन्सुलिनची सुई चार दिवस बंद होती, म्हणून डॉक्टरांनी आमच्या पोलीस ठाण्याला कळवलं होतं.

आई पाड्यावरची, मजुरी करणारी. सुई का बंद केलीस, असं मी विचारलं.

"मोबाईलवरचा पोरगा बोलला ना साहेब. नाचणीची पेज द्या, साखर मुळापासून जाते."

मी भडकलो. "अक्कल गहाण टाकली होतीस काय गं?" ती मान खाली घालून रडत राहिली.

पोरगा मुरबाडचाच निघाला. आहारावर बोलायचा, हजारो लोक ऐकायचे. ठाण्यात आणला तर इस्त्रीच्या शर्टात, अगदी नम्र. "साहेब, मी नाचणी खा एवढंच बोललो. सुईचं नावच काढलं नाय. व्हिडिओ असंल तर दाखवा." व्हिडिओ त्याने कधीच पुसला होता. शिवाय तो औषध विकत नव्हता, स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हता. कलम कोणतं लावायचं, यातच आमची दुपार गेली.

शेवटी आमच्या महिला हवालदाराने आईचा जबाब घेताना साधंच विचारलं, "पाड्यावर रेंज नाही, मग बघतेस कुठे?"

"टोकावड्याला बाजाराला गेलं का मोबाईलमदी उतरवून घेतो आमी. घरी बायका मिळून बघतो."

म्हणजे व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये होता! पंचांसमक्ष तो लावला. "माझ्या आये, ती सुई फेकून दे गो," पोराचाच आवाज. मी त्याच्याकडे वळलो.

"कुठे शिकलास हे?"

"कुठं नाय साहेब. लोकांना आवडतं म्हणून बोललो."

अशा सल्ल्यांना नियम हवेत, असं मी अहवालात स्पष्ट लिहिलं. मग आईला, या वेळी जरा हळू आवाजात, विचारलं की डॉक्टर सोडून याचं का ऐकलंस.

"डॉक्टर घाईत बोलतो. ह्यो आमच्यासारखा बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने नेहमीप्रमाणे कारल्याच्या रसाचा पेला हातात दिला. साखर मलाही आहे. पंधरा दिवस मी तो रस पीत होतो आणि गोळी खुशाल सोडून दिली होती. हे तुला कोणी सांगितलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिने मोबाईल पुढे केला. तोच शर्ट, तोच पोरगा.

पेला तसाच ठेवून रुग्णालयात गेलो. देवाची कृपा, पोरीने डोळे उघडले होते. तिच्या आईपुढे हात जोडले आणि कालच्या बोलण्याची माफी मागितली. सबंध नोकरीत मी मागितलेली ती एकच माफी.